त्याच क्रेटात परत

—नाही हो विनोददादा, कॉम्प्युटर बंद नाही पडला, चालू आहे, पडदा काळाच असतो त्याचा, शेठच्या पोरानं लिनक्स टाकून दिलंय ना, सगळं टाइप करून सांगायचं, माऊस नुसता शोभेला — बसा की, त्या क्रेटवर बसा, चिकू नाहीत त्यात. तर तुमच्या बसची नावं. उद्या विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा, बस तुमची, आणि कोण कुठं बसणार ते ठरवायचं काम माझ्याकडं, कारण मागच्या वर्षी कमळीकाकी आणि भिकीआत्या खिडकीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या तेवढ्या बाकी होत्या. पालघर जिल्हा नवा झाला, माणसं तीच! मीच म्हटलं, क-ख-ग-घ प्रमाणं बसवू, जोडीजोडीनं, भांडणच नको. म्हटलं की नाही? म्हटलं. आणि नावं सगळी होती यात, देवाशप्पथ — काकी, आत्या, काकड्याबाबा, तुमची बहीण रूपी, सगळी. सकाळपर्यंत होती.

ओरडू नका, आधी ऐका तर! यात बाण असतात. एक बाण म्हणजे फाइलीतून आत घे, उलटा बाण म्हणजे फाइलीत बाहेर ओत. आणि ओतायचे दोन बाण दिले तर आहे त्याच्या खाली रचत जातं. नावं मी दोन बाणांनीच चढवली, एक इकडचं तिकडं झालं नाही. मग गेलो क्रमानं लावायला. आता आपण घोलवडची माणसं, आपण चिकू कसा निवडतो? क्रेट ताडपत्रीवर पालथं, मोठा-बारका वेगळा, आणि परत त्याच क्रेटात. दुसरं क्रेट कोण घेतं? शेठ सोलून काढेल! म्हणून म्हटलं — नावं यातून घे, लाव, आणि यातच ओत. यात चुकलं काय? काही नाही! पण हे मशीन दीडशहाणं — ओतायचा एकटा बाण दिसला की निवडणारा बसायच्या आधीच क्रेट, म्हणजे फाइल, रिकामं करून ठेवतं. मग तो निवडायला बसला, तर क्रेटात काय? घंटा! रिकाम्यातून रिकामं निवडलं, रिकाम्यात ठेवलं, आणि वर एका शब्दानं बोललं नाही.

हो, परत टाकतो की! सगळा क्रम पाठ आहे मला. कमळीकाकी-काकड्याबाबा एका सीटवर, जयश्री-तुळशी, भिकीआत्या-रविना, रूपी-लडक्या — लडक्या म्हणजे मीच — कसा पाठ म्हणजे? य-र-ल-व, र नंतर ल येतो, ते काय मी ठरवलं? आधी तर रविना-रूपी अशी जोडी पडत होती, आणि मी संगीतामावशीच्या पिशव्यांजवळ. मग काकड्याबाबाला तयार केला. म्हातारा येतच नव्हता, गुडघे धरलेत म्हणत होता, मी स्वतः तेल चोळून दिलं — कारण वर एक नाव घुसलं की खालच्या सगळ्या जोड्या सरकतात ना — म्हणजे, आपोआप सरकतात, मी कशाला...

असे बघू नका हो. आवडते मला ती. झालं? बोललो. लहानपणापासून शेजारच्या पाड्यात राहतोय, पण तिच्यासमोर गेलो की जीभ टाळूला चिकटते. म्हटलं, विवळवेढ्यापर्यंत बस तासभर तरी घेईल, तेवढ्यात एखादं वाक्य सुचेलच की. तुमच्यासमोर बघा कसा धबाधबा बोलतोय, आणि तिच्यासमोर — जाऊ द्या.

पेन कशाला काढताय? हातानं लिहिणार? लिहा की, बस तुमची. रूपी कुठं? रविनाजवळ. बरं. चांगली मुलगी आहे रविना. आणि मी? ...केबिनमध्ये? तुमच्याशेजारी, इंजिनावर? अहो, तिथं चटके बसतात — नाही, नाही, बसतो. बसतो म्हटलं ना.

...येताना पण?