हात माझा हुता

माझं नाव सुनंदा, गाव संतपूर, औराद तालुका. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, असं बोलत वाढलेली मी. ज्वारी हुरड्यात आली की अप्पा मला पाखरं हाकायला रानातल्या माळ्यावर उभं करायचे, अन् गोफण अशी भिरभिरायची माझी की शेजारच्या रानातले वरडायचे, अगं पोरी, माणसं हायत इकडं, माणसं!

शाळेत खेळाचे सर आले, त्येंनी सॉफ्टबॉल आणला, गावानं कधी पाह्यला न्हाई असला खेळ, क्रिकेटवाणीच बॅट, पर बॉल टाकणारीनं हात खालून गरकन फिरवून फेकायचा, तिला पिचर म्हणतेत. सरांनी माझा एक बॉल पाह्यला अन् म्हणले, बापाला बोलवून आण. अप्पा आले तर त्येंना म्हणले, पोरीचं लग्न करू नका इतक्यात, हिचा हात मला द्या. तवा आमी हासलो हो.

मंग काय सांगू तुम्हाला, बिदर झालं, गुलबर्गा झालं, राज्याच्या टीममधी गेले, खेळावरच बेंगळूरला एका खात्यात नोकरी लागली, सरबी तिथंच कोच म्हणून आले. वर्सामागं वर्सं गेली, माझा बॉल खेळणारी न्हवती कोनी. समोरची बॅट फिरवीस्तोवर बॉल कॅचरच्या हातात फट्ट करून वाजायचा. दुसऱ्या टीमा निस्तं इचारायच्या, आज ती संतपूरची हाय का? लई माज हुता मला, अन् कामून नसावा?

पर सरांनी दुसरी पिचर तयारच केली न्हाई. सकाळी मीच, दुपारी मीच. खांदा ठणकायला लागला, म्या म्हणलं, सर, हात वर होईना. म्हणले, ही मॅच काढ, मंग आराम कर. तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी, आराम काय आलाच न्हाई. डाक्टर म्हणले, आता वापरला तर हात कायमचा जाईल, तर सर माझ्यादेखत त्येंना इचारायलेत, सुई मारून फायनल निघती का? मला न्हाई इचारलं. हात माझा, अन् इचारायलेत डाक्टरला! सुई मारली, फायनल जिंकली, शेवटच्या बॉलला खांद्यात काय तरी टरकन फाटल्यागत झालं, मी तिथंच मातीत बसले, अन् पोरी कप घिऊन नाचायल्यात, सर फोटोला उभे. आपरेशन झालं, खेळ संपला. दवाखान्यात एकदाबी आले न्हाईत ते.

मागं शाळेनं माझा सत्कार ठिवला, तर पाहुणे म्हणून तेच सर, आता मोठे साहेब. माईकवर म्हणले, हा हात म्या घडवला. डोस्कंच फिरलं माझं. हार घिऊन जवळ आले तसं म्या म्हणलं, घडवला तुमी, सर, मोडला कुणी तेबी सांगा की ह्या लेकरांना. हेडमास्तर म्हणायलेत, अक्का, बसा, बसा. न्हाई बसले. हार त्येंच्याच हातात ठिवून आले. राग अजून गेला न्हाई, अन् कामून जावा?

आता बदली घिऊन बिदरला हाय, सुट्टीला गावच्या पोरींना शिकवते. औंदा फायनलला आमची पिचर, भाग्यश्री, जिंकत आलेल्या मॅचीत खांदा दाबून उभी ऱ्हायली. न्हाई दुखत म्हणायली, पर डोळ्यात पाणी. म्या बाहेर काढली तिला. हारलो. गावातली माणसं अंगावर आली माझ्या, म्हणले, बाईनं हातातला कप घालवला. म्या म्हणलं, व्हय, घालवला, परत घालवीन, काय करायचं ते करा. भाग्यश्री अजून माझ्याशी बोलंना, तोंड फिरवून जायली.

जाऊ दे. माझी वेणी आज माझी जाऊ घालती, हात डोक्यापस्तोर जात न्हाई माझा. भाग्यश्री, तू माझ्यावर जलमभर रागव, बाई, पर म्हातारी होस्तोवर आपली वेणी आपल्याच हातानं घाल.