एकच काज रिकामं

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या दवाखान्यात गयाबाई नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी दोन मुली बसल्या होत्या. एकीच्या अंगातला ढगळ, चौकड्यांचा शर्ट त्यांनी लगेच ओळखला. यजमान सुदामराव वारल्यावर त्यांनीच तो बोहारणीला देऊन पातेलं घेतलं होतं.

"सई, हा आजोबाछाप शर्ट कुठून उचललास?"

"जुन्या बाजारातून. स्टाइल आहे ती, यार."

"एक बटण लाल, एक हिरवं. तूच लावलीस ना?"

"घेतला तेव्हा एकपण नव्हतं. रोज सकाळी एक नवीन असतं."

"चल, फेकू नको."

"आईशपथ. दोरा दातानं तोडलेला असतो. ओला लागतो हाताला."

"ए, टाकून दे तो."

"का टाकू? कॉलेजात सगळे मोबाईलवर फोटो काढतात. आता एकच काज रिकामं आहे."

सुदामरावांचं बटण तुटलं, की ते न विचारता गयाबाईंच्या स्वेटरचं काढून लावायचे. आता अंगात असलेल्या त्या रंगीबेरंगी बटणांच्या स्वेटरला या आठवड्यात एकच बटण उरलं होतं.

शर्ट परत मागायला उघडलेलं तोंड गयाबाईंनी मिटलं आणि त्या बटणाचा दोरा नखानं हळूच सैल केला.