चोवीस वर्षांचं मीठ

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं या, पुढच्यांनी पाय आवरा. झोप आलेल्यांनी खांबाला टेकून बसा; शेजाऱ्याच्या खांद्यावर पडलात तर पाप त्याला लागत नाही, लाळ मात्र लागते. हां! देवाला नमस्कार झाला, संतांना झाला, आता तुम्हाला एक सवाल घालतो.

‘मला हे येत नाही’ असं तुम्ही म्हणता. मला चारचौघांत बोलता येत नाही, मला हिशोब जमत नाही, माझा आवाज बरा नाही. बरोबर? प्रत्येकाकडं एक तरी आहे. आता सांगा — हे तुम्हाला कळलं कसं? जन्मताना सुईणीनं सांगितलं? नाही ना! कुणीतरी एकदा म्हणालं. म्हणणारा चहा पिऊन निघून गेला. आणि आपण? आपण त्याच्या वाक्यात संसार थाटला!

ऐका. वाईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला बारा घरांची एक आळी आहे. भैरोबाचं देऊळ. यात्रेला देवाच्या नैवेद्याचा मान दरवर्षी एका घराला. म्हणजे एका घराचा मान बारा वर्षांनी फिरून येणार. त्या घरच्या थोरल्या सुवासिनीनं आपल्या हातानं स्वयंपाक करायचा — पुरणपोळी, भात, कटाची आमटी. आणि नियम काय? चाखायचं नाही! देवाच्या आधी जिभेला लागलं, की उष्टं झालं. पाहुणा जेवायच्या आधी यजमानाला चव कळू नये, असा हा एकच पाहुणा!

त्या वर्षी मान यमुनाक्कांच्या घरी आला. आता यमुनाक्का म्हणजे काय, ते सांगतो. आळीत कुणाचं लोणचं असो, पापड असो, मिठाला हात यमुनाक्कांचा. मापबीप काही नाही! मूठ भरायची, टाकायची, मागं वळूनही बघायचं नाही. ‘यमुनाक्काचा हात चुकत नाही’ हे गावाचं वाक्य. आणि गाव जे रोज म्हणतं, ते माणूस एक दिवस स्वतःच म्हणायला लागतो. यमुनाक्काही म्हणायच्या — “माझा हात कधी चुकला नाही!”

घरात नवी सून आलेली. शैलजा. लग्नाला तीन महिने. सासूला आत्याबाई म्हणायची, पदर सावरायची आणि ‘हो’ म्हणायची. तीन महिन्यांत दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता.

आमटीला उकळी आली. यमुनाक्कांनी मूठभर मीठ टाकलं. तेवढ्यात बाहेर ढोल वाजला, पालखी आली! यमुनाक्का आरतीचं तबक घेऊन धावल्या. शैलजा सरपण घेऊन परसातून आत आली. बघते तर आमटी उकळतेय, सासूबाई बाहेर. मीठ राहिलं वाटतं! पोरीनं मूठ भरली आणि टाकली.

चाखायचं तर नव्हतंच!

नैवेद्य गेला. देवानं तक्रार केली नाही. देव सुज्ञ आहे, बायकांच्या कामात बोलत नाही. मग पंगत बसली. पहिला भुरका पाटलांनी मारला — आणि मंडळी, पाटलांचे डोळे! विहिरीत पडलेल्या माणसासारखे! पाण्याचा तांब्या रिकामा करून पाटील ओरडले, “अहो यमुनाक्का, ही आमटी केली कुणी? समुद्राची सोयरी दिसतेय!”

यमुनाक्का वाढता वाढता म्हणाल्या, “नवी सून आहे हो. तिच्या हाताला मीठ कळत नाही अजून.”

पंगत हसली. शैलजा दाराआड उभी होती, तिनं ऐकलं.

आता इथं यमुनाक्का खोटं बोलल्या का? नाही! पालखीहून परतल्या तेव्हा सून चुलीपाशी, तिच्या हाताला मीठ लागलेलं; गडबडीत स्वतःची मूठ विसरल्या आणि त्यांना खरंच तसं वाटलं. पाप अजून झालेलं नव्हतं. पाप दुपारी झालं. परसात दोघी भांडी घासत होत्या. यमुनाक्कांनी सहज विचारलं, “शैले, किती टाकलं होतंस गं?”

“एक मूठ, आत्याबाई.”

यमुनाक्कांचा घासणारा हात थांबला. चाळीस माणसांच्या आमटीला एकच मूठ लागते. पोरीचा अंदाज नेमका होता. मग दुसरी मूठ कुणाची? त्यांना ढोल आठवला, तबक आठवलं, आणि आपली मूठ आठवली.

मंडळी, तेव्हा काय लागत होतं? एक वाक्य! ‘अगं बाई, मीही टाकलं होतं की!’ दोघी हसल्या असत्या. पण यमुनाक्का म्हणजे कोण? हात न चुकणारी! सकाळी गावासमोर सुनेचं नाव घेतलं, ते दुपारी गिळायचं? त्या मनात म्हणाल्या, उद्या सांगू. आणि पातेल्याला राख लावली.

तो उद्या चोवीस वर्षं उजाडला नाही.

इकडं शैलजेचं काय झालं? तिनं मिठाला हात लावणं सोडलं. स्वयंपाक सगळा तिचा. पण मीठ टाकायची वेळ आली, की हाक! “अहो, मीठ टाकायला या!” नवरा, दिनकर, अंगाला साबण लावलेला, पंचा गुंडाळून येतोय, वरणात मीठ टाकून परत नहाणीत जातोय! धाकटी जाऊ रंजना आली, तर तिला हाक. कुणीच नसलं तर पोस्टमन. सरकारची टपाल व्यवस्था भाजीत मीठ टाकून पुढं जायची!

हसताय. हसा. मीही हसलो. एकदा यात्रेच्या कीर्तनाला गेलो होतो, उतरायला त्यांच्याकडंच. बाई अदबीनं म्हणाल्या, “महाराज, एवढं मीठ टाकता?” मी टाकलं. आणि त्याच कीर्तनात, त्याच गावात, मी त्याचा विनोद केला! नावानिशी नाही, पण गावाला नाव लागतं का? मांडव हसून लोळला. शैलजाबाई बायकांत बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून त्याही हसल्या. मला वाटलं, विनोद चांगला झाला. शेजारी बसलेली त्यांची म्हातारी सासू तेवढी हसली नाही. मी म्हटलं, हिला कमी ऐकू येत असेल.

मीठ गेलं म्हणून एकटं जात नाही, मंडळी. मिठापाठोपाठ साखर गेली. मग साडीचा रंग — “तुम्हीच बघा, मला नाही कळत.” बचत गटाच्या बायका म्हणाल्या, अध्यक्ष व्हा. “छे गं, मला कुठलं जमायला!” मतदानाच्या खोलीत तर हाक मारायची सोय नाही! बाई आत उभी, उभी, उभीच! शेवटी साहेब खोकला, तेव्हा तिनं कुठलं तरी बटण दाबलं आणि घरी येऊन रंजनाला विचारलं, “मी बरोबर केलं का गं?” आता हे रंजना कसं सांगणार?

आणि माजघरात यमुनाक्का बसलेल्या. रोज दोन वेळा ती हाक ऐकतायत. “मीठ टाकायला या!” लोक म्हणत, यमुनाक्का हल्ली फार गप्प झाल्या. वय झालं.

वय!

बारा वर्षांनी मान आला, तेव्हा स्वयंपाक यमुनाक्कांनीच केला, निभावलं. आणखी बारा वर्षं गेली. मधल्या काळात यमुनाक्कांचे मालक गेले. नवरा गेला, की बाईचा हात नैवेद्याला चालत नाही, असं गावानं ठरवलेलं. देवाला विचारलं होतं का? नाही. आपण देवाला नैवेद्य देतो, मत विचारत नाही. तर आता मान शैलजेचा. थोरली सुवासीण तीच! रंजना धाकटी, तिला चालणार नाही. आणि हाक मारायचीही सोय नाही, कारण त्या खारट आमटीनंतर गावानं नेम कडक केलेला, नैवेद्याचं सगळं एकाच हातानं करायचं. मीठसुद्धा!

यात्रेची सकाळ. आळीतल्या बायका पंगतीच्या पोळ्या लाटायला जमलेल्या. देवळाचे तात्या गुरव दारात आले. “वहिनी, नैवेद्याचं पान कितीला येईल?”

शैलजा हात पुसत बाहेर आली. खाली बघूनच म्हणाली, “तात्या, यंदा मान पुढच्या घरी द्या.”

“आँ? अहो, सोडलेला मान बारा वर्षं परत येत नाही! आणि गाव काय म्हणेल?”

“गाव म्हणतंच आहे की. माझ्या हाताला मीठ कळत नाही. देवाच्या पानाला नको ती परीक्षा.”

लाटणी थांबली. कुणी ‘अगं असं काय’ म्हणालं का? नाही! सगळ्यांना पटलेलंच होतं. तात्यांनी उसासा टाकला, चपलेत पाय घातला.

“तात्या, थांब.”

यमुनाक्का! भिंतीला धरून उठल्या. उंबऱ्यापर्यंत आल्या. “त्या वर्षीची आमटी… खारट झाली होती बघ…”

“अहो आक्का, ते काय सांगायचं? साऱ्या गावाला ठाऊक आहे!” तात्या हसले. बायकाही हसल्या.

“नाही ठाऊक,” यमुनाक्का म्हणाल्या. “त्यात माझीही एक मूठ होती. मी टाकून पालखीला गेले. हिला माहीत नव्हतं. हिची मूठ बरोबर होती.”

आता बघा मंडळी, माणूस खरं बोलायला लागला, की जग त्याला वाचवायला कसं धावतं! रंजना म्हणाली — मायेनं म्हणाली हो — “अगं बाई, आत्याबाई! तुम्हाला आज आठवलं होय?”

केवढी मोठी पळवाट! दार सताड उघडं! नुसतं ‘हो’ म्हणायचं. म्हातारपण, विसरभोळेपण, झालं! अब्रूही राहिली, मानही राहिला. तुम्ही काय म्हणाला असता? मी सांगतो, मी ‘हो’ म्हणालो असतो आणि वर दोन टिपंही गाळली असती!

यमुनाक्कांनी रंजनाकडं बघितलं. मग मान खाली घातली.

“आज नाही. त्याच दिवशी. भांडी घासताना.”

पोळी तव्यावर करपत होती, कुणी उलटली नाही.

शैलजा म्हणाली, “आत्याबाई, मी नहाणीतल्या माणसाला हाका मारल्या.”

“हो.”

“पोस्टमनला हाका मारल्या. माझ्या पोरीच्या बारशाला मी आमटी अर्धी टाकून ओट्यावर येऊन बसले, कुणी येईल म्हणून. तुम्हाला ऐकू येत होतं?”

“रोज.”

“मग?”

“लाज वाटली, शैले. पहिल्या दिवशी थोडी होती. तेव्हा सोसली नाही. मग वाढतच गेली.”

तुम्हाला वाटत असेल, आता सून पाया पडली, सासूनं पोटाशी धरलं. तसं मी सांगितलं असतं, तर बुक्का लावताना तुम्ही डोळे पुसले असते. पण तसं झालं नाही. शैलजा वळली आणि आत गेली, बस्स. ‘असू दे’ म्हणाली नाही. का म्हणावं?

चुलीपाशी आमटी उकळत होती. तिनं मिठाच्या बरणीत हात घातला. मूठ भरली, पातेल्यावर धरली. आणि सवयीनं तोंडातून निघालं, “मीठ टाकायला…”

थांबली.

मंडळी, खरं कळलं म्हणून हात लगेच मोकळा होत नाही. डोक्याला कळायला एक वाक्य पुरतं, मुठीला वेळ लागतो. बाहेर दहा बायका श्वास धरून उभ्या. मूठ उघडली. थोडं मीठ आमटीत पडलं, थोडं मुठीतच राहिलं. तिनं पदराला हात पुसला आणि म्हणाली, “तात्या, पान घेऊन चला.”

नैवेद्य झाला. पंगत बसली. यंदा मानाच्या पानावर यमुनाक्कांना बसवलं. शैलजेनं स्वतः आमटी वाढली आणि पातेलं घेऊन तिथंच उभी राहिली. सगळी पंगत बघतेय! यमुनाक्कांनी भुरका मारला.

आता ‘वा!’ म्हणायला काय हरकत होती? चोवीस वर्षांची भरपाई एका ‘वा’मध्ये! पण त्या बाईनं सकाळी खोट्याला कायमचे हात जोडले होते. त्यांनी मान वर केली.

“अळणी आहे गं.”

पाटलांचा घास हातात राहिला. रंजनानं डोळे मिटले.

आणि शैलजा म्हणाली, “असेल. पानात मीठ वाढलंय, लावून घ्या.”

पुढच्या पानाकडं वळली. “आमटी घ्या, आमटी!”

ऐकलंत का? ‘असेल’! एवढा मोठा शब्द मी पोथ्यांत शोधला, मला सापडला नाही. चुकले असेन. चुकले म्हणून वाईट ठरले नाही. यमुनाक्का आयुष्यभर न चुकणारी म्हणून जगली, शैलजा आयुष्यभर चुकणारी म्हणून. दोघींच्याही मूर्ती एकाच पातेल्यातून निघालेल्या, आणि दोन्ही खोट्या!

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होतं बरं का. देवाच्या पानात आपण मीठ वाढत नाही. माणसाच्या पानात मात्र सगळ्यात आधी मीठ! का? रांधणारा चुकणार, हे धरूनच पान मांडलंय! आपण ते मीठ बोटानं बाजूला सारतो आणि रांधणाऱ्याला नाव ठेवतो.

तर आता तुमच्याकडं येतो. असे मागं सरकू नका! घरी गेल्यावर आठवा — तुमच्या घरात कुणाला काय ‘येत नाही’? थोरल्याला गणित येत नाही? बायकोला व्यवहार कळत नाही? भावाला अक्कल नाही? हे पहिल्यांदा कोण म्हणालं? आठवा नीट. बहुतेक तुम्हीच म्हणालात. आणि नंतर कधीतरी कळलंही, की तसं नव्हतं. कळलं होतं ना? मग?

माना खाली गेल्या. बरं झालं. माझीही खालीच आहे. त्या गावात मला पुन्हा कीर्तनाला बोलावलंय, आणि तो विनोद मी ज्या मांडवात केला, त्याच मांडवात उभं राहून मला एक वाक्य बोलायचं आहे. आठ दिवस पाठ करतोय, अजून नीट बसत नाही. चाळीस वर्षं बोलून खाणारा माणूस, आणि एक वाक्य जमत नाही!

पेटीवाले, सूर धरू नका. टाळ खाली ठेवा. आरतीला अवकाश आहे. तुमचं वाक्य ज्याला सांगायचं राहिलंय, ते माणूस याच मांडवात असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

जा. मी थांबतो.