सगळ्यांना सारखं पाणी

ताई : परत वाजव.

भिंगरी : वाजवलं की.

ताई : आता पुढची.

भिंगरी : ही पुढचीच होती.

ताई : मग ही?

भिंगरी : ही तिच्या पुढची. ताई, सगळ्या एकाच आवाजात का बोलतायत?

ताई : तेच मी तुला विचारतेय, भिंगरे. काल संध्याकाळी आठही बाटल्या मी सुरात लावून या टेबलावर ठेवल्या होत्या. आठ बाटल्या, आठ सूर. आज सगळ्या नुसत्या टण, टण, टण. आणि त्यांच्यावरच्या कागदाच्या पट्ट्या कुठे गेल्या? पाणी कुठपर्यंत हवं ते दाखवणाऱ्या?

भिंगरी : निघाल्या.

ताई : आपोआप?

भिंगरी : नाही. साबणाने.

ताई : तू बाटल्या धुतल्यास?

भिंगरी : किती चिकट झाल्या होत्या! आज शिबिराचा शेवटचा दिवस, सगळ्यांचे आईबाबा येणार. माझी आई कुठेही गेली की आधी काच बघते, स्वच्छ आहे का. म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठून एकटीने धुतल्या. एकसुद्धा फोडली नाही.

ताई : शाबास. आणि पाणी?

भिंगरी : भरलं ना परत!

ताई : कसं भरलंस?

भिंगरी : सारखं. फूटपट्टी लावून. एकाला थेंब जास्त नाही, एकाला थेंब कमी नाही.

ताई : अगं माझे आई! पाणी कमीजास्त असतं म्हणून तर सूर वेगळे येतात. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं मी?

भिंगरी : पाणी वाढलं की आवाज जाड, कमी झालं की बारीक. मला पाठ आहे.

ताई : पाठ आहे, आणि तरी?

भिंगरी : रात्री आपला बटाटा रडत होता.

ताई : त्याचा इथे काय संबंध?

भिंगरी : त्याची बाटली सगळ्यांत रिकामी ना, शेवटची. काल जेवताना ती मोठी मुलं म्हणाली, हा नवीन आला म्हणून ताईने याला थेंबभर पाणी दिलं, बाकीच्यांना भरभरून. त्याने पोळी अर्धी टाकली. झोपताना पांघरुणात तोंड घालून रडला. मग मला वाटलं, कुणाला कमी, कुणाला जास्त, हे बरं दिसतं का? तूच म्हणतेस ना, शिबिरात सगळे सारखे?

ताई : म्हणते खरी.

भिंगरी : ओरडणारेस?

ताई : ओरडायला तोंडचं पाणी तर हवं! ते कधीच पळालं.

भिंगरी : तुझ्या मोबाईलमध्ये ते हिरव्या दिव्याचं आहे ना? सूर बरोबर लागला की पेटतं ते. त्याने लाव की परत. रोज तर लावतेस.

ताई : मोबाईल कपाटात आहे. दिवसा सगळ्यांचे कपाटात, माझासुद्धा.

भिंगरी : मग बाईंना सांगू. त्या बघ, आल्याच. बाई! ताईला मोबाईल हवाय!

आत्या : कुणाला काय हवंय? अगं ठमे, तू अजून इथेच? तिकडे आईबाप रांगेने फाटकातून आत येतायत, मुलं लाकडी चमचे घेऊन दारामागे उभी आहेत आणि एकमेकांच्या डोक्यावर ताल धरतायत. आण त्या बाटल्या.

ताई : आत्या, कपाटाची किल्ली दे. माझा मोबाईल हवाय. आत्ताच्या आत्ता.

आत्या : किल्ली गाडीच्या जुडग्यात आहे आणि गाडी खुर्च्या आणायला गेलीय. का गं? चेहरा असा का पडलाय?

भिंगरी : मी सगळ्यांना सारखं पाणी दिलं.

आत्या : बरं केलंस की.

ताई : सगळे सूर गेले, आत्या. एकही जागेवर नाही.

आत्या : अरे देवा! मग लाव परत. त्यात काय? दादाची लेक तू, लहानपणापासून गातेस. पाळण्यातल्या बाळाने सूर चुकवून रडं काढलं तरी तुला कळायचं.

ताई : भिंगरे, स्वयंपाकघरातून पाण्याचा जग आण. एक छोटा चमचा आण. आणि नरसाळं असलं तर तेही.

भिंगरी : पळत आणू?

ताई : चालत आण. माझ्या नशिबात आज आणखी काही फुटायला नको.

आत्या : गेली ती. आता बोल. मुलीला का पिटाळलंस?

ताई : मला नाही लावता येणार.

आत्या : म्हणजे?

ताई : म्हणजे कानाने नाही येणार. थंडीत माझा कान दुखत होता ना, डावा? ताप आला होता, औषधं चालू होती, तेव्हा?

आत्या : हो, पण तो बरा झाला ना? वहिनी म्हणाली, बरा झाला.

ताई : दुखायचा थांबला. पण त्यानंतर दोन्ही कानांत भांडण लागलं. उजव्या कानाला सा ऐकू येतो, आणि डाव्याला तोच सा चढलेला. एकाच वेळी. कुणी गायला लागलं की वाटायचं, दोन माणसं गातायत आणि दोघांतलं एक बेसूर आहे. स्वतः गायले तरी तेच. म्हणून सोडलं मी गाणं.

आत्या : तू तर सगळ्यांना सांगितलंस, कंटाळा आला! वहिनी फोनवर माझ्याजवळ रडली अगं. म्हणाली, हिचं गाण्यातून मनच उडालं, तुमच्या शिबिरात घेऊन जा, लहान मुलांत रमली तर रमली.

ताई : मन नाही उडालं. भीती वाटायला लागली.

आत्या : आणि डॉक्टर काय म्हणाले?

ताई : म्हणाले, बहुतेकांचं हळूहळू जागेवर येतं. थोडे महिने जाऊ दे, मग बघ.

आत्या : मग? बघितलंस?

ताई : नाही.

आत्या : का नाही?

ताई : बघितलं आणि आलेलं नसलं तर? न बघता निदान असं तरी म्हणता येतं, की आलं असेल. इथे रोज बाटल्या लावायचे ते मोबाईलकडे बघून. हिरवा दिवा लागला की झालं. आवाज काय येतोय तिकडे लक्षच द्यायचे नाही.

आत्या : आणि आम्ही आपले तोंड भरून कौतुक करतोय, पोरीचा कान काय तयार आहे!

ताई : हसू नकोस ना.

आत्या : हसत नाहीये गं, राणी. मला मेलीला कळलं कसं नाही, त्याचाच राग येतोय. हे बघ, तुला नको असेल तर नको. मी बाटल्यांचं रद्द करते. मुलं टाळ्या वाजवून गाणं म्हणतील. कुणाला कळणारसुद्धा नाही.

ताई : मुलांना कळेल.

आत्या : समजावू त्यांना.

ताई : चाल त्यांनी बनवलीय, आत्या. मी एक सूरही सुचवला नाही, नुसती भांडणं सोडवली. बटाट्याने घरून इस्त्रीचा शर्ट मागवलाय. आणि रद्द केलं तर तो जन्मभर म्हणेल, मी रडलो म्हणून झालं. ती भिंगरीही तेच म्हणेल, माझ्यामुळे झालं. नको. मी लावते. चुकलं तर माझं चुकू दे.

आत्या : नक्की?

ताई : नक्की नाही. पण लावते. मला थोडा वेळ मिळवून दे फक्त.

आत्या : किती हवा तेवढा घे. मी भाषण करते. भाषण लांबवायला मला कुणी शिकवायला नको. शिबिराची सुरुवात कशी झाली तिथपासून घेते, लोक आपोआप घड्याळं बघायला लागतील.

भिंगरी : जग, चमचा, नरसाळं. पळाले नाही. थोडीशी धावले.

आत्या : हिच्याबरोबर राहा गं. आणि बडबड कमी.

भिंगरी : मी कुठे बडबड करते? ताई, बाई डोळे का पुसत गेल्या?

ताई : धूळ आहे इथे. इकडे ये. तुझी बाटली 'सा'ची ना? तुला तो सूर आठवतो?

भिंगरी : आठवतो काय! रात्री अंथरुणात तोच म्हणत होते. शेजारचीने उशी फेकून मारली. साऽऽऽ.

ताई : तसाच धरून ठेव. मी पाणी घालते, तू वाजव.

भिंगरी : साऽऽऽ. अजून जाड हवा.

ताई : अजून घालते. आता?

भिंगरी : हां, आला! माझाच आहे हा.

ताई : मलाही तसंच वाटतंय. ठेव बाजूला. आता रे. यातलं थोडं जगात ओत. वाजव. अजून थोडं. वाजव. बास.

भिंगरी : रे झाला. हा ग घे. ओतू? टण. बरोबर आहे! पुढची.

ताई : थांब. नाहीये बरोबर.

भिंगरी : आहे गं! पाणीपण किती छान दिसतंय.

ताई : दिसू दे. सूर चढलाय. अगदी थोडासा. का मलाच वाटतंय तसं?

भिंगरी : मोबाईल असता तर दिव्याने सांगितलं असतं.

ताई : नाहीये मोबाईल. अर्धा चमचा घाल यात. अर्धाच हं. आता ओळीने वाजव, सा, रे आणि हा.

भिंगरी : सा. रे. अय्या!

ताई : काय झालं?

भिंगरी : आता बसला. मगाशी नुसता उभा होता.

ताई : खरं सांगतेस? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?

भिंगरी : तुला बरं वाटायला मी खोटं कशाला बोलू? मगाशी ओरडली असतीस तर बोलले असते. ताई, तू रडतेयस?

ताई : नाही गं. पुढची बाटली घे. घे लवकर, बाईंचं भाषण ऐकून लोक घरी जातील.

भिंगरी : आणि बटाट्याच्या बाटलीत परत थेंबभरच?

ताई : थेंबभरच. त्याला बोलव इकडे, मी सांगते त्याला. सगळे सूर चढत चढत जातात ना, त्यात सगळ्यांत उंचावर त्याची बाटली आहे. तिथे पाणी न्यायचं नसतं, हलकं असावं लागतं. आणि गाण्याचा शेवटचा ठोका त्याचा एकट्याचा. तो वाजल्याशिवाय कुणी टाळी वाजवायची नाही.

(कार्यक्रम संपल्यावर, त्याच खोलीत. बाहेर सामान गाड्यांत चढवल्याचा आणि मुलांना हाका मारल्याचा आवाज.)

आत्या : जीव भांड्यात पडला गं बाई! शेवटी तो बटाटा चमचा वर धरून थांबला ना, मला वाटलं हा विसरला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं.

ताई : विसरला नव्हता. ऐटीत थांबला होता. मीच सांगितलं होतं, घाई करायची नाही.

आत्या : त्याचे वडील दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. आणि ती काल चिडवणारी मोठी मुलं आता त्याच्या मागे लागलीयत, पुढच्या वर्षी आम्हाला दे म्हणून तुझी बाटली.

ताई : देणार म्हणाला?

आत्या : विचार करतो म्हणाला. बरं, गाडी आली, किल्लीही आली. हा घे तुझा मोबाईल. तपासायचंय का? का राहू दे?

ताई : तपास. तूच तपास. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

आत्या : हे काय आणखी?

ताई : तू एकेक वाजव आणि त्यात बघ. काटा मधोमध आला, हिरवा दिवा लागला, की बरोबर. मी आधी सांगणार, मग तू सांगायचं.

आत्या : बरं बाई. ही पहिली.

ताई : बरोबर.

आत्या : हिरवा. ही दुसरी.

ताई : बरोबर.

आत्या : हिरवा. ही?

ताई : ही नाही. चढलीय. ही वाजवणारा मुलगा दणादण ठोकत होता, पाणी सांडलं त्याने टेबलभर.

आत्या : काटा उजवीकडे गेलाय. उजवीकडे म्हणजे काय?

ताई : चढलीय म्हणजे.

आत्या : अगं, मग बरोबरच ओळखलंस की! ठमे! इकडे बघ. अशी का उभी आहेस? कानात बोट का घातलंयस?

ताई : उजवा बंद केलाय.

आत्या : म्हणजे हे सगळं डाव्याने ऐकलंस?

ताई : डाव्याने. आत्या, भांडण मिटलंय. मला कळलंच नाही कधी मिटलं ते. मी इतके दिवस उगीच घाबरत होते गं.

आत्या : ये इकडे. ये. रड, रड हवं तेवढं. मेले, आम्हाला एका शब्दाने सांगायचं नाही? एकटीने पोटात ठेवून बसलीस.

ताई : सांगितलं असतं तर तुम्ही सगळे घाबरला असता.

आत्या : मग घाबरलो असतो मिळून! आता आधी आईला फोन लाव. माझ्यासमोर लाव.

ताई : लावते. आवाज नीट होऊ दे जरा. आई लगेच ओळखते.

भिंगरी : ताई! माझी आई आली. काच बघितली आणि म्हणाली, चकचकीत आहे. तू परत रडतेयस? आज झालंय काय सगळ्यांना?

आत्या : काही नाही गं. आज आमच्याकडे पाणी जास्त झालंय.

भिंगरी : मग बाटल्यांतलं ओतून टाकू? का आधी पट्ट्या चिकटवून खुणा करू? मी आणल्यात नव्या पट्ट्या. सरळ कापल्यात.

ताई : खुणा नकोत. त्या कुंड्यांना घाल सगळं पाणी.

भिंगरी : आणि पुढच्या वर्षी? कुठपर्यंत भरायचं ते कसं कळणार?

ताई : मी ऐकेन ना.