अर्धा कोयता

भरपाईचं मला नका सांगू. दुष्काळाच्या साली आमचा दादा अन् वैनी आष्टीकडून ऊस तोडायला गेलते. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मोळ्या भरताना कारखान्याची ट्रॉली मागं सरकली अन् वैनीचा उजवा हात चाकाखाली सापडला. मनगटापासून काढावा लागला.

जखम भरल्यावर आम्ही तिघं कारखान्याच्या ऑफिसात गेलो. दादा-वैनीला आगाऊ पैशाची उचल देऊन तोडीला नेणारा मुकादम तिथंच बसलेला.

क्लार्कनं विचारलं, “कोयता कुणाच्या नावावर?”

“माझ्या,” दादा म्हणाला.

“मग तुम्हाला काय झालं?”

“मला काय न्हाई. हिचा हात गेला.”

“बाईचं नावच नाही आमच्याकडं. कामगारच नाही, तर भरपाई कसली?”

दादा उठला, तर मुकादम म्हणाला, “थांब बे. आता तुझा अर्धाच कोयता ऱ्हायला. घेतलेली अर्धी उचल परत करायची.”

“कावून?”

“बायको आता ऊस तोडणार हाय का?”

कागद त्यानं तयारच ठेवलता. दादानं गुमान सही केली. मग मुकादमानं तोच कागद वैनीपुढं सरकवला. “तुमचा पण अंगठा लागतो. उचल दोघांची हाय.”

वैनीनं पदराखालचं थोटं मनगट टेबलावर ठेवलं.

“अंगठा तुमच्या ट्रॉलीखाली ऱ्हायलाय. तिथनं घ्या.”

क्लार्कनं शाईचं पॅड पुढं केलं.

“डावा चालतो,” म्हणाला.