धाप्याच्या वळणावरची जीप

दिग्या, ती गाडीची किल्ली आधी हितं माझ्या मांडीवर ठेव. ठेव म्हणते न्हवं! आज्जीचं ऐकायचं नसंल तर मग खुशाल जा, मी काय आडवी पडत न्हाई. पण बायको-पोराला घेऊन जुन्या घाटानं जाणार म्हणतोस, आन् वर सांगतोस, गाडी जरा झटके मारती, आज्जी. जरा म्हणं! बसा सगळी. कंदील हिकडं सरकवा. आता ऐका, आन् मधी कुणी तोंड घालू नका.

तुमचा आज्जा वडाप करायचा, गावोगावची माणसं भाड्यानं न्यायचा-आणायचा. जुनी पेट्रोलची जीप व्हती, कितीजणांच्या हातनं फिरून आमच्या दारात आल्याली. पण मालकांचा, तुमच्या आज्जाचा, कान असा, की गाडी फाटकात यायच्या आधी सांगायचे, आज एक सिलिंडर काम करीना. तालुक्याला हुसेन मिस्त्री म्हणून त्यांचे उस्ताद. त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घातल्याली: घाटात इंजिन बंद करू नको. बॅटरी मेल्याली असती, परत चालू न्हाई व्हायची. सगळे वडापवाले तसंच करायचे. गाडी चालू ठेवूनच चहा प्यायचे.

तर थंडीचे दिवस. माझ्या पोरीची छाती भरल्याली. एवढीशी पोर, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. दिवस मावळला तशी वैदू म्हणला, आता माझ्या हातात न्हाई, तालुक्याच्या डाक्टरकडं न्या. खालचा पूल तवा मोडल्याला. राहिला कोरजाईचा घाट, तू निघालायस त्योच जुना घाट! निघालो. मी मागं पोर उराशी धरून, मालक पुढं. धुकं असं, की बॉनेटच्या पुढं काय दिसंना.

घाटात एक वळण हाय, धाप्याचं. बैलं तिथं धापायची म्हणून नाव पडलं, असं आमी समजायचो. ऐका हां! वळणावर गाडी आली आन् इंजिन अडखळलं. धड धड धड... मधीच गप. परत धड धड... गप. सगळी गाडी थरथराय लागली.

"एक सिलिंडर गेला," मालक म्हणले. गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच. बॉनेट उघडलं आन् दिवे बंद केले. मी घाबरले! म्हणले, "अवो, दिवे का बंद केले?"

"अगं, अंधारात ठिणगी दिसती. वायर कुठं फुटली असंल तर निळं चमकतं."

आन् चमकलं की! एका वायरीवर निळी ठिणगी टिकटिक करत व्हती. मालकांनी काळी टेप घट्ट गुंडाळली. गाडी झ्याक चालाय लागली. निघालो. जीव भांड्यात पडला.

कुठला पडतोय! चढ चढलो, वळलो, आन् समोर परत तेच वळण. तोच रस्त्याकडंचा पांढरा दगड. मी म्हणले, ह्यो मघाशी बघितला. मालक म्हणले, घाटात सगळे दगड सारखेच. इंजिन परत अडखळलं. धड धड... गप. मालक उतरले आन् तिथंच थांबले. त्या दगडाला काळी टेप गुंडाळल्याली व्हती. ह्यांच्याच हातची! वायर बघितली तर उघडी.

हसतोय कोण? दिग्या, तुझ्या तोंडावर हसू आलं तर किल्ली विहिरीत टाकीन.

मालक हटवादी. म्हणले, भुताचं मागनं बघू, आधी सिलिंडर कुठला गेलाय त्ये बघतो. त्येची रीत अशी: इंजिन चालू ठेवायचं, प्लगची एकेक वायर उपटायची. वायर काढली आन् इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर चांगला. काढूनबी काय फरक पडला न्हाई, तर तोच मेल्याला. पहिली काढली. फरक न्हाई. दुसरी काढली. फरक न्हाई! तिसरी. चौथी. चारी वायरी हातात, आन् इंजिन चालूच! नुसतं चालू न्हाई, नव्यासारखं चालतंय. लोण्यासारखं मऊ! ठिणगी न्हाई, काय न्हाई, मग ह्ये चालतंय कशावर?

मालक धावत आले, किल्ली फिरवली. बंद हुईना. किल्ली काढून हातात घेतली, तरी बंद हुईना.

आन् तवा माझं पोरीकडं ध्यान गेलं. ती गप व्हती. मला वाटलं झोपली. छातीला कान लावला. इंजिन धड केलं की तिची छाती आणखी खाली जायची, वर यायचीच न्हाई. गाडी जेवढी मऊ चालंल, तेवढी माझी पोर गार पडत चालल्याली.

"अवो, ती गाडी माझ्या पोरीच्या श्वासावर चालतीया! बंद करा!"

"खुळी झालीस का?" म्हणले, पण तोंड पांढरंफटक. पोरीच्या नाकाला हात लावला आन् तसेच बॉनेटकडं पळाले. तेवढ्यात धुक्यातनं आवाज आला. हुसेन मिस्त्रीचा! हुबेहूब. "बंद मत कर बेटा. घाटात बंद करायची न्हाई. चालू दे. चालू दे..."

मालक थबकले. उस्तादाचा शब्द कधी मोडला नव्हता त्यांनी. मी किंचाळले, "मिस्त्री तालुक्यात झोपलाय! बंद करा!"

मग त्यांना सुचलं. पेट्रोल नको, ठिणगी नको, पण श्वास तर त्येला लागतोच! एअर फिल्टरचा डबा उपटून फेकला आन् कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. आतनं अशी ओढ लागली, की हात आत गिळतंय! मालक ओरडले, पण हात काढला न्हाई. इंजिन खोकलं. माणसासारखं खोकलं, बाळांनो. धापलं, गुरगुरलं, आन् बंद पडलं.

आन् माझ्या मांडीवर पोर रडली. आई गं! तसं रडणं मी परत ऐकलं न्हाई.

वळणाच्या पुढं तालुक्याकडचा उतारच व्हता; मालकांनी गाडी ढकलली, उडी मारून बसले. न्यूट्रलवर, बिनइंजिनाची, नुसत्या ब्रेकवर घाट उतरलो. मागनं धापा येत व्हत्या. आमी दोघंबी वळून बघितलं न्हाई. खाली देवळाचा दिवा दिसला तवा धापा थांबल्या. तिथनं एका ट्रकवाल्यानं डाक्टरच्या दारात सोडलं.

सकाळी हुसेन मिस्त्रीनं देवळापाशी येऊन गाडीचे प्लग काढले. चारी प्लग पेट्रोलनं चिंब. म्हणला, "ह्यात तर ठिणगी पडलेलीच न्हाई. घाट चढलास कसा?" मालकांनी नुसता तळहात दाखवला. गोल काळा डाग. मरस्तवर गेला न्हाई त्यो.

ती पोर कोण, म्हणतोस? अरं, ती बघ चुलीपाशी तुझ्या लेकराला थोपटतीया. तुझी आई, सुली. आजबी गाडी उभी राहिली की आधी इंजिन बंद करा म्हणती, आन् तू तिच्यावर खेकसतोस.

त्या वाटेला जाऊ नका रं. नवा रस्ता लांब पडतो, पडू दे. आन् कधी कुठल्याबी घाटात गाडी झटके मारायला लागली, तर बॉनेट मागनं उघडा. आधी मागच्या सीटवर बघा, पोर श्वास घेतंय का.

किल्ली उजाडल्यावर मिळंल. आता झोपा.