पेपरातला हात

(मुलांनो, जरा कल्पना करा. सोव्हिएत देशातलं, व्होल्गा नदीकाठचं एक कारखान्यांचं शहर. मे महिना लागलाय, पण वारा अजून बोचतोय. दरवर्षीप्रमाणे आज शहराच्या वर्तमानपत्राच्या बक्षिसासाठी शाळाशाळांच्या मुली भर रस्त्यातून रिले शर्यत धावणार आहेत. चढाच्या माथ्यावर, पावाच्या कारखान्याच्या भिंतीशी बारा वर्षांची फाया गुडघ्यांना मिठी घालून बसलीय. तिच्याजवळ तिच्या प्रशिक्षक आल्यात, रिम्मा लुकिनिच्ना. एकेकाळी त्या स्वतः देशाच्या संघातून धावायच्या. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.)

फाया: नाही म्हणजे नाही. तिसऱ्या टप्प्यावर मी पळणार नाही.

रिम्मा: बरं, नको पळूस. जरा सरक, मला टेकू दे. गुडघे कुरकुरताहेत.

फाया: तुम्ही माझी समजूत घालायला आलात ना?

रिम्मा: छे! समजूत घालायला वालेरियान कुझ्मिच येतील. क्रीडा समितीत त्यांना त्याचाच पगार मिळतो. मी नुसती बसायला आलेय. हे मनगटावर काय चढवलंयस? मोजा?

फाया: मोजा नाहीये. पट्टा आहे. आजीनं विणलाय.

रिम्मा: अस्सं. आणि ही त्यावर शेळी का?

फाया: घोडा आहे! वेगात पळणारा घोडा. आजीला दिसतं कमी, म्हणून जरासा...

रिम्मा: म्हणून जरासा शेळी झालाय. असू दे. असला घोडा अख्ख्या व्होल्गाकाठी दुसरा सापडायचा नाही.

फाया: हसा, हसा. तिला मी सांगून ठेवलंय, आजच्या शर्यतीनंतर पेपरात माझा फोटो येणार. दरवर्षी शेवटच्या टप्प्याच्या मुलीचा येतो. आजीनं खेड्यात सगळ्यांना सांगितलंय. टपालवालीला तर दोनदा. आणि आता काल अचानक म्हणतात, शेवटचा टप्पा अल्बिनाला! ती माझ्याहून हळू पळते. तुम्हीच घड्याळ लावलं होतंत.

रिम्मा: लावलं होतं. पण अल्बिनाचे वडील ट्रॅक्टर कारखान्याचे संचालक आहेत, आणि तुमच्या अंगावरचे हे निळे सूट त्यांच्या कारखान्यानं दिलेत. घड्याळात ते दिसत नाही.

फाया: मग तुम्ही भांडला का नाहीत?

रिम्मा: भांडले की. समितीनं सगळं ऐकून घेतलं. मला चहा दिला, चहात लिंबाची फोड घातली. एवढं दुर्मिळ लिंबू पाहिलं तेव्हाच मी ओळखलं, आपण हरलो.

वालेरियान: अहो, इथे आहात होय तुम्ही! तिसऱ्या टप्प्याच्या मुलींना चढाच्या पायथ्याशी सोडणारा ट्रक सुटायला आला, आणि आपली तिसरी खेळाडू अजून जमिनीवर? फाया, संघभावना म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल, तर शेजारी बघ. मूर्तिमंत संघभावना बसलीय तुझ्याजवळ!

रिम्मा: मूर्तिमंत सर्दी बसलीय. बोला, वालेरियान कुझ्मिच.

वालेरियान: आज व्यासपीठावरून मी तुमचा जीवनप्रवास वाचणार आहे. फाया, तूही ऐक, स्फूर्ती येईल. "युद्धानंतरच्या खडतर दिवसांत रिम्मा या कामगारकन्येनं देशाची हाक ऐकली, आणि ती धावू लागली..."

रिम्मा: साबणाची.

वालेरियान: काय?

रिम्मा: हाक साबणाची ऐकली. आमच्या रस्त्याच्या या टोकाला साबणाची रांग लागायची, त्या टोकाला रॉकेलची. दोन्ही एकाच वेळी. आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांनी मला नेमलं होतं. इथे नंबर लावायचा, "मी आलेच हं" म्हणायचं, की धूम तिकडे. नाव पुकारलं तेव्हा हजर नसलं तर नंबर गेला. एकदा रॉकेलच्या रांगेतला एक माणूस माझ्या फेऱ्या बघत राहिला आणि शेवटी रांग सोडून माझ्यामागे पळत आला. शाळेतल्या मुलांना धावायला शिकवायचा तो. त्याचा नंबर गेला, रॉकेल गेलं, मी मिळाले.

फाया: त्याच्या घरी काय म्हणाले?

रिम्मा: बायको म्हणाली, "छान. आता दिव्यात हिलाच घाल."

वालेरियान: हे कुठे बोलायचं नाही हं! आपल्याकडे रांगा नव्हत्या. म्हणजे होत्या, पण शिस्तीत होत्या, कुणी पळत नव्हतं. पुढे ऐका. "संघाच्या हितासाठी त्यांनी शेवटचा टप्पा आपली सहकारी एलियोनोरा हिला हसत हसत दिला..."

रिम्मा: मी हसले?

वालेरियान: असं लिहिलंय.

रिम्मा: कुणी?

वालेरियान: मीच. पण वरून मंजूर होऊन आलंय.

रिम्मा: वरून मंजूर झालं म्हणजे हसले असेन.

फाया: खरं काय झालं होतं?

रिम्मा: चौघींत मी सगळ्यांत वेगवान होते. मग निवड समिती बसली. त्यातला एकही जण कधी ट्रामसाठीसुद्धा पळाला नसेल. म्हणाले, रिम्माचे पाय आखूड आहेत, तिसऱ्या टप्प्याच्या वळणावर खपून जातील. एलियोनोरा उंच, तिची सोनेरी वेणी, फीत तोडताना ती शोभून दिसेल. झालं. तेव्हापासून मी वळणावर. मॉस्कोत वळणावर, परदेशात वळणावर. एवढी वर्षं देशासाठी धावले, पण रिलेत सरळ रस्ता म्हणून कधी पाहिला नाही.

फाया: पण जिंकलात ना?

रिम्मा: जिंकलो तर! युरोपातली मोठी स्पर्धा होती. वळणावर मी तिघींना मागे टाकलं आणि एलियोनोराच्या हातात बॅटन दिली. दुसऱ्या दिवशी देशभरातल्या पेपरांत पहिल्या पानावर तोच फोटो. एलियोनोरा, तिची वेणी, तिचे दात. आणि कडेला एक हात.

फाया: कुणाचा हात?

रिम्मा: माझा. बॅटन पुढे केलेला, कोपरापर्यंत. बाकीची मी छापखान्यातच राहिले.

वालेरियान: जागेची अडचण असते हो. शेजारी पोलादाच्या उत्पादनाची महत्त्वाची बातमी होती.

रिम्मा: होती ना. माझं डोकं त्या पोलादाच्या आड येत होतं. माझ्या आईनं तो फोटो कापून स्वयंपाकघरात चिकटवला. पाच बिऱ्हाडांचं मिळून एक स्वयंपाकघर. जो येईल त्याला सांगायची, "हा आमच्या रिम्काचा हात." एक शेजारीण म्हणाली, "कशावरून?" तर आईनं मनगटाजवळचा डाग दाखवला. लहानपणी चहाचं पाणी तापवायच्या समोवारानं मी तिथे भाजले होते. म्हणाली, "त्याच्यावर रोज लोणी लावायचे मी. मी ओळखणार नाही तर कोण, मंत्री?"

वालेरियान: आणि देशानं केलेला सन्मान? तो कसा सांगत नाही? एलियोनोराला दोन खोल्यांचं घर मिळालं, आणि यांना चक्क स्फटिकाची फुलदाणी!

रिम्मा: फार सुरेख आहे. फुलं कुणी दिली नाहीत, म्हणून मी त्यात लाकडी चमचे ठेवते.

फाया: म्हणजे तुम्हीच सांगताय की पळू नको.

रिम्मा: मी काही सांगत नाहीये. वालेरियान कुझ्मिच, ते बघा, तुमचा बँड व्यासपीठाकडे पाठ करून उभा आहे.

वालेरियान: काय? अरे, अरे! पाहुणे तर व्यासपीठावर बसलेत! फाया, ट्रक सुटायच्या आत खाली पोच. संघभावना! आलोच मी!

रिम्मा: गेला. आता ऐक. त्याच्या कागदात नाही आणि पेपरातही कधी आली नाही, अशी एक गोष्ट आहे. बॅटन द्यायला रस्त्यावर खडूच्या दोन रेषा असतात, त्यांच्या आतच द्यावी लागते.

फाया: माहितीये. बाहेर दिली की सगळा संघ बाद.

रिम्मा: बहुतेक जणी धापा टाकत पहिल्या रेषेपाशी देऊन मोकळ्या होतात. एलियोनोरा निघायचीच उशिरा. मी मागून धडाडत यायचे आणि तिच्या पाठीवर आदळू नये म्हणून वेग आवरायचे. मग मी तिची खूण लांब सरकवली. खूण म्हणजे, मी तिथवर पोचले की तिनं सुटायचं. आता मी बरीच मागे असतानाच ती सुटायची. तिला चांगला वेग यायचा, आणि मी तिला गाठायचे ते दुसऱ्या रेषेच्या तोंडाशी. बॅटन तिथवर माझ्याच हातात. कागदावर शेवटचा टप्पा तिचा. रस्त्यावर त्यातला एक तुकडा माझा.

फाया: तिला कळलं नाही?

रिम्मा: एकदा म्हणाली, "रिम्का, आज शर्यत लवकर संपली गं." मनानं वाईट नव्हती बिचारी. आणि हे बघ, शेवटच्या टप्प्याची मुलगी मागे वळून बघत नाही. ती पळत राहते आणि तुझ्या आवाजाची वाट बघते. तू ओरडलीस की हात मागे करते. नाही ओरडलीस, तर रिकाम्या हातानं पळत जाते थेट व्यासपीठापर्यंत. बँड वाजतो आणि सगळं शहर हसतं.

फाया: अल्बिनाला तसं पळवता येईल?

रिम्मा: येईल. अगदी सोपं आहे. चौघी बाद होतील, पण सोपं आहे. दुसरंही करता येईल, ते मात्र अवघड. तू हा चढ चढून आलेली असशील, छाती फुटत असेल, आणि अल्बिना पुढे पळत असेल. तेव्हा तिला गाठायचं. नाही गाठता आली, तरीही चौघी बाद. खडू माझ्या खिशात आहे. तिची खूण जवळ काढू की लांब?

फाया: ट्रकचा भोंगा वाजतोय.

रिम्मा: कान शाबूत आहेत माझे. जवळ की लांब?

फाया: त्या गटाराच्या झाकणापाशी.

रिम्मा: बाई गं! एवढी लांब तर मी एलियोनोरालाही दिली नव्हती.

फाया: तिथेच काढा. मी चालले.

वालेरियान: हुश्श! फिरवला बँड. ढोलवाला अजून तिरका आहे, पण चालेल. पोरगी गेली का? बघितलंत, माझे शब्द लागू पडले!

रिम्मा: लिंबासारखे.

वालेरियान: आल्या! दोन टप्पे संपले, आता तिसऱ्याच्या मुली चढाला लागल्या! आपली कितवी?

रिम्मा: चौथी. दुसऱ्या टप्प्याच्या मुलीनं घोळ घातलेला दिसतोय.

वालेरियान: चौथी? अहो, संचालक बसलेत तिकडे!

रिम्मा: बसू दे. त्यांना कुठे चढायचंय? थांबा... शेळी पुढे सरकतेय.

वालेरियान: कुठली शेळी? रस्त्यावर शेळी आली?

रिम्मा: घोडा, घोडा. तिसरी. बघा कशी हात मारतेय! दुसरी.

वालेरियान: अल्बिना का सुटली? फाया तर अजून त्या झाकणापाशी आहे! थांबवा तिला! अल्बिना, थांब!

रिम्मा: हाक मारू नका! पळ, अल्बिना, मागे बघू नकोस!

वालेरियान: दुसरी रेषा आली! ही पोरगी ओरडत का नाही? पोचली तिच्यापाशी, तरी तोंड उघडत नाही! मुद्दाम करतेय ती, रिम्मा लुकिनिच्ना, मुद्दाम!

रिम्मा: असेल. तिचं तिला ठरवू द्या.

वालेरियान: अहो, माझी नोकरी...

फाया: हात!

वालेरियान: दिली? दिली का? रेषेच्या आत दिली?

रिम्मा: पंचांकडे बघा. पांढरा झेंडा. आत.

वालेरियान: अल्बिना पहिली आहे! ऐकलंत? संचालकांची अल्बिना सगळ्यांच्या पुढे आहे!

रिम्मा: पुढे आणून ठेवलीय तिला. जा, पळा तिच्यामागे, फुलं द्यायचीत ना तुम्हाला. फाया, अशी रस्त्यावर पडू नकोस, दगड गार आहेत. ऊठ. हा सूट चढव, घाम वाळेल अंगावर.

फाया: दिली ना मी?

रिम्मा: दिलीस. पण ओरडायला एवढा वेळ? माझ्या तोंडचं पाणी पळालं.

फाया: ओरडायचंच नव्हतं मला. झाकणापासून तिथवर मनात तेच होतं, नाही ओरडायचं. मग तिचा हात दिसला. मी ओरडलेही नव्हते, तरी तिनं मागे धरून ठेवला होता. उघडा. बोटं ताणलेली, रिम्मा लुकिनिच्ना. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.

रिम्मा: हं. चल, खाली चौकात जाऊ. हळूहळू चाल. तुझ्या पायांचं नाही, माझ्या गुडघ्यांचं म्हणतेय.

वालेरियान: चला, चला, फोटो! पेपरवाले थांबलेत! अल्बिना, तू मध्ये. बॅटन फायाकडे दे, फुलं वर धर, हास. बाकीच्या तिच्या मागे. फाया, तू जरा कडेला. आणखी कडेला. अजून थोडी.

रिम्मा: पोलाद अजूनही भरपूर निघतंय वाटतं.

वालेरियान: कॅमेऱ्यात मावत नाही हो, मी काय करू? हां, असंच थांबा... फाया! हे काय? हात कशाला घातलास मध्ये? अल्बिनाच्या फुलांपुढे तुझी बॅटन येतेय! काढ तो. नुसता हात पेपरात आला, तर कुणाला कळणार आहे कुणाचा ते?

फाया: कळेल. थांबा, वालेरियान कुझ्मिच, बाही जरा वर घेते.